मध्यम किमतीची दुर्बीण: आठपट की दहापट, आणि चारांपैकी कोणती?

पत्राचा आशय: एक वाचक आणि त्यांच्या पत्नी अलीकडे पक्षी, विशेषतः झाडीतले लहान पक्षी, पाहू लागले आहेत. हाताशी असलेली दुर्बीण लहान आणि जुनी आहे; पहाटे आणि तिन्हीसांजेला तिच्यातून काही नीट दिसत नाही. म्हणून दोघांना मिळून वापरता येईल अशी मध्यम किमतीची एक चांगली दुर्बीण घ्यायचे त्यांनी ठरवले आहे. निकॉनची मोनार्क एम५ आणि मोनार्क एम७, व्हॉर्टेक्सची डायमंडबॅक एचडी आणि झाइसची टेरा ईडी अशी चार नावे त्यांनी निवडली, सगळ्यांचे आकडे तक्त्यात मांडले, मिळतील तितकी परीक्षणे वाचली, आणि आता निर्णयच होत नाही. त्यांचा कल १० × ४२ कडे (म्हणजे दहापट मोठे दाखवणारी, पुढचे भिंग ४२ मिलिमीटर व्यासाचे) आहे, कारण आठपटीपेक्षा दहापटीत जास्त दिसणारच असे त्यांना वाटते. ते चष्मा वापरतात. एक मित्र म्हणतो की मध्यम श्रेणीत पैसे घालण्यापेक्षा दोन-तीन वर्षे थांबून सर्वोच्च श्रेणीची घ्यावी. दुसरा म्हणतो की स्वस्त दुर्बीण आणि ही यांत फरकच नसतो. ‘चारांपैकी दर्जाने आणि किमतीच्या मानाने सर्वांत चांगली कोणती, एवढेच सांगा,’ असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर:

तुमचा तक्ता मी काळजीपूर्वक वाचला. तो मेहनतीने केलेला आहे, आणि तरीही त्यातून उत्तर निघत नाही याचे कारण सरळ आहे: या चारही दुर्बिणी जवळपास एकाच पायरीवर उभ्या आहेत. चौघींची रचना रूफ प्रिझमची (नळ्या सरळ ठेवता येतात अशा लोलकांची), चौघी जलरोधक, चौघींच्या भिंगांवर अनेक थरांचे लेप. काचेच्या दर्जात त्यांच्यात जो फरक आहे, त्यापेक्षा तुमच्या आणि तुमच्या पत्नींच्या डोळ्यांत जो फरक आहे तो निवडीच्या दृष्टीने मोठा आहे. तो तक्त्यात कुठेच आलेला नाही. म्हणून एका नावाचे उत्तर देण्याआधी तुमच्या तीन गृहीतकांकडे पुन्हा पाहावे असे मला वाटते.

पहिले गृहीतक दहापटीचे. ८० मीटरवर बसलेला पक्षी आठपट दुर्बिणीतून १० मीटरवर असल्यासारखा दिसतो आणि दहापट दुर्बिणीतून ८ मीटरवर असल्यासारखा. फरक एवढाच, आणि त्याची किंमत दुर्बीण हातात धरलेल्या माणसाला मोजावी लागते. हाताचा कंप दुर्बीण त्याच पटीने वाढवते. चढ चढून दम लागलेला असताना, वारा सुटलेला असताना किंवा पक्षी वर फांदीत असल्यामुळे हात उंच धरून ठेवावे लागत असताना दहापटीत मिळालेला जादा तपशील त्या थरथरण्यातच विरून जातो. तिवईवर टेकवली तर दहापट निःसंशय सरस ठरते, पण पक्षी पाहणारे बहुतेक वेळ दुर्बीण हातातच धरून असतात. शिवाय पट वाढली की एकाच वेळी फोकसमध्ये राहणारी खोली कमी होते, त्यामुळे झाडीत हलणाऱ्या पक्ष्यामागे फोकसचे चाक सारखे फिरवावे लागते.

उजेडाचा मुद्दा तर थेट तुमच्या तक्रारीशी जोडलेला आहे. वस्तुभिंगाचा, म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाचा, व्यास पटीने भागला की दुर्बिणीतून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ८ × ४२ मध्ये ती ५.२५ मिलिमीटर येते, १० × ४२ मध्ये ४.२ मिलिमीटर. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकुंचन पावलेली असते, तेव्हा दोन्ही सारख्याच उजळ दिसतील. पहाटे आणि संध्याकाळी बाहुली रुंदावते आणि तेव्हा हा एक मिलिमीटर जाणवतो. वय वाढते तशी बाहुली अंधारातही पूर्वीइतकी उघडत नाही. तरुणपणी ती सातपर्यंत जाते, पुढे पाचच्या आसपास थांबते. म्हणूनच संधिप्रकाशासाठी याहून जाडजूड, ७ × ५० सारख्या दुर्बिणीच्या मागे लागण्याचेही तुम्हाला कारण नाही. तिचा सात मिलिमीटरचा झोत बाहुलीच्या कडेबाहेर वाया जाईल आणि वजन मात्र मानेला सोसावे लागेल. तुमच्या तक्त्यात ‘ट्वायलाइट फॅक्टर’ असाही एक रकाना आहे. तो खुशाल काढून टाका. पट आणि व्यास यांच्या गुणाकाराचे ते वर्गमूळ आहे. त्यात काचेचा दर्जा, लेप, हाताचा कंप यांतले काहीच येत नाही, आणि नुसती पट वाढवली तरी आकडा वर चढतो.

पाणथळीच्या काठावर उभे राहून दूरची बदके, किनाऱ्यावरचे पक्षी किंवा आकाशातले शिकारी पक्षी हीच तुमची मुख्य आवड असती आणि तुमचे हात स्थिर असते, तर मी दहापटीला होकार दिला असता. तुम्ही मात्र झाडीतल्या लहान पक्ष्यांबद्दल लिहिले आहे. त्या कामाला आठपट.

दुसरे गृहीतक असे, की सर्वांत चांगली कोणती हे काचेच्या दर्जावरूनच ठरते. दृष्टिक्षेत्राच्या रकान्याकडे तुम्ही पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही, आणि तुमच्या चार नावांमधला खरा फरक नेमका तिथे आहे. हजार मीटरवर किती रुंदीचा पट्टा दिसतो, हे तो आकडा सांगतो. आठपट रूपात मोनार्क एम५ मध्ये तो सुमारे ११२ मीटर आहे, टेरा ईडीत १२५, डायमंडबॅक एचडीत १३१ आणि मोनार्क एम७ मध्ये १४५. ११२ आणि १४५ हे आकडे कागदावर फार दूरचे वाटत नाहीत. पण आपल्याला दिसते ते वर्तुळ असते, आणि त्याच्या क्षेत्रफळाचा हिशेब केला तर एम७ मध्ये एम५ च्या दीडपटीहून अधिक जागा दिसते. नवख्या माणसाला पक्षी दुर्बिणीत पकडताच येत नाही, ही पहिल्या काही महिन्यांतली सगळ्यांत मोठी अडचण असते. वटवट्यासारखा पक्षी या डहाळीवरून त्या डहाळीवर गेला की तो वर्तुळाबाहेर जातो आणि दुर्बीण खाली करून पुन्हा शोधावे लागते. मोठे वर्तुळ इथे रोज कामाला येते. एक अट मात्र आहे. रुंद दृष्टिक्षेत्राच्या मध्यम किमतीच्या दुर्बिणींमध्ये कडेचा भाग मध्याइतका रेखीव नसतो. मला ते खटकत नाही, कारण पक्षी आपण मध्यभागी आणूनच पाहतो आणि कडेला फक्त हालचाल टिपली गेली तरी पुरते. तारे पाहणाऱ्याला तेच खटकेल.

आता तुमच्या चष्म्याकडे येऊ. नेत्रभिंगापासून डोळा किती अंतरावर ठेवला असता पूर्ण वर्तुळ दिसते, त्या अंतराला आय रिलीफ म्हणतात. चष्मेवाल्याला ते निदान १५-१६ मिलिमीटर लागते, कारण मध्ये चष्म्याची काच आणि तिच्यामागची जागा असते. एम५ मध्ये ते १९.५ आहे, टेरामध्ये १८, एम७ आणि डायमंडबॅकमध्ये १७ च्या आसपास. चौघी उत्तीर्ण झाल्या असे वाटेल, पण हे अंतर भिंगाच्या पृष्ठभागापासून मोजलेले असते आणि भिंग बहुधा कडेपेक्षा थोडे आत बसवलेले असते. त्यामुळे नेत्रभिंगाभोवतीच्या, डोळा टेकवायच्या वाटीची कड पूर्ण खाली फिरवली तरी प्रत्यक्षात दोन-तीन मिलिमीटर कमीच मिळतात. तुमचा चष्मा डोळ्यांच्या जवळ बसत असेल तर १७ पुरतील. तो नाकावर थोडा पुढे राहत असेल तर एम७ चे ते रुंद दृष्टिक्षेत्र कडेने कापले जाईल, आणि मग ज्यासाठी जास्त पैसे मोजले तेच हाती लागणार नाही. म्हणून चष्मेवाल्यांनी वाचलेल्या परीक्षणावर न विसंबता आपला चष्मा घालूनच दुर्बीण डोळ्याला लावावी आणि वर्तुळाची काळी, रेखीव कड चहूबाजूंनी दिसते का ते पाहावे. कड दिसत नसेल तर वर्तुळ कापले जात आहे.

तुम्हाला फक्त लघुदृष्टी किंवा दूरदृष्टी असेल तर चष्मा काढूनही पाहता येते. दुर्बिणीचा फोकस तेवढी भरपाई करतो. दृष्टिवैषम्य, म्हणजे चष्म्याच्या चिठ्ठीवरचा ‘सिलिंडर’चा नंबर, मोठा असेल तर ते जमत नाही, कारण तो दोष फोकसने जात नाही. चिठ्ठी काढून पाहा. तिच्यावरून आय रिलीफला किती वजन द्यायचे ते घरबसल्या ठरेल.

तुमचे दोन मित्र परस्परविरुद्ध सल्ला देत आहेत, आणि मला दोघांचेही पटत नाही. स्वस्त आणि मध्यम यांत फरक नसतो असे म्हणणाऱ्याने बहुधा दोन्ही भर दुपारी पाहिल्या असाव्यात. काचेवर लेप नसेल तर प्रकाश हवेतून काचेत किंवा काचेतून हवेत जाताना दर पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के परावर्तित होऊन वाया जातो. दुर्बिणीत असे दहा किंवा अधिक पृष्ठभाग असतात, म्हणजे एक तृतीयांश प्रकाश वाटेतच जातो, आणि तो नुसता जात नाही तर आत इकडेतिकडे विखुरून चित्रावर दुधाळ पडदा धरतो. झाइसमध्ये काम करणाऱ्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली परावर्तनरोधक लेप शोधला आणि हे चित्र बदलले. आज फरक असतो तो लेप किती थरांचा आणि किती पृष्ठभागांवर आहे यात. खोक्यावर ‘फुली मल्टी-कोटेड’ असे असेल तर सर्व पृष्ठभागांवर अनेक थर आहेत असा अर्थ. नुसते ‘कोटेड’ असेल तर एखाद्या पृष्ठभागावर एक थर असला तरी शब्द खोटा ठरत नाही.

रूफ प्रिझमला आणखी एक जादा काळजी लागते. या लोलकात प्रकाशाचा झोत दोन भागांत विभागून पुन्हा एकत्र येतो आणि त्या दोन भागांच्या लहरी एकमेकींशी नीट जुळत नाहीत. परिणामी बारीक तपशील, उदाहरणार्थ पिसांच्या कडा, किंचित पुसट होतात. ते दुरुस्त करणारा फेज-लेप झाइसने १९८८ साली आणला. तेव्हा तो महागड्या दुर्बिणींपुरता होता, आज मध्यम श्रेणीत सर्रास मिळतो, आणि अगदी स्वस्त रूफ दुर्बिणींत पुष्कळदा नसतो. याखेरीज अशा बहुतेक लोलकांच्या एका पृष्ठभागावर आरशासारखा लेप द्यावा लागतो. तो ॲल्युमिनियमचा असेल तर प्रकाश थोडा जास्त शोषला जातो, चांदीचा असेल तर कमी, आणि डायइलेक्ट्रिक, म्हणजे धातूऐवजी अनेक पातळ पारदर्शक थरांचा, असेल तर जवळजवळ नाहीच. स्वस्ताकडून मध्यमाकडे येताना मोजलेले पैसे या अशा न दिसणाऱ्या गोष्टींत गेलेले असतात, आणि पहाटे सहाच्या उजेडात त्यांचा मोबदला दिसतो. काचेचा एक खास प्रकार सांगणाऱ्या ‘ईडी’ या अक्षरांना मी त्यामानाने कमी महत्त्व देईन. ती काच पांढऱ्या आकाशासमोरच्या काळ्या फांदीला दिसणारी जांभळी-हिरवी किनार कमी करते, हे खरे. पण आठपटीत ती किनार मुळातच कमी असते, आणि एकाच्या ‘ईडी’त आणि दुसऱ्याच्या ‘एचडी’त नेमके काय आहे हे खोक्यावरून कळत नाही.

इथे एक आडवाटेची सूचना करतो. खर्च कमी ठेवायचा असेल तर पोरो प्रकारच्या, म्हणजे खांदे बाहेर आलेल्या जुन्या घडणीच्या दुर्बिणी पाहा. इग्नात्सिओ पोरो यांनी १८५४ मध्ये पेटंट घेतलेल्या या रचनेला ना फेज-लेप लागतो ना आरशाचा, त्यामुळे त्याच किमतीत काचेचा दर्जा बहुधा वरचा मिळतो. मात्र त्या ऐसपैस असतात, धक्क्याने त्यांची दोन नळ्यांची जुळणी लवकर बिघडते, आणि बऱ्याच जणी पावसात टिकत नाहीत.

सर्वोच्च श्रेणीसाठी थांबायला सांगणाऱ्या मित्राचे म्हणणे काचेपुरते बरोबर आहे. वरच्या दुर्बिणींत कडेपर्यंत रेखीव चित्र मिळते, सूर्याच्या दिशेने पाहताना चमक कमी येते, फोकसचे चाक थंडीतही लोण्यासारखे फिरते. पण त्या एकीच्या किमतीत मध्यम श्रेणीच्या निदान चार-पाच येतात, आणि दर्जा चार-पाचपट वाढत नाही. फेज-लेप, चांगले बहुस्तरी लेप, जलरोधकता हे मोठे टप्पे मध्यम श्रेणीपर्यंतच पार झालेले असतात. त्यापुढचा प्रत्येक लहान सुधार महाग पडतो. आणि त्या दोन-तीन वर्षांत तुम्ही काय वापरणार? ज्या दुर्बिणीतून पहाटे काही दिसत नाही तीच. पक्षी ओळखायला शिकण्याची सुरुवातीची उत्सुक वर्षे धूसर काचेमागे घालवावीत असे मला मुळीच वाटत नाही.

तर, तुमच्या चारांपैकी. तुमचा चष्मा डोळ्याजवळ बसत असेल आणि एम७ चे पूर्ण वर्तुळ तुम्हाला दिसत असेल, तर ८ × ४२ ची एम७ हीच माझी पहिली पसंती. दृष्टिक्षेत्राचा फायदा तुम्हाला पहिल्या दिवसापासून मिळेल. वर्तुळ कापले जात असेल तर एम५ घ्या. तिचे वर्तुळ लहान आहे, पण ते सगळे तुम्हाला दिसेल आणि सुमारे ६३० ग्रॅम वजनही मानेला हलके आहे. डायमंडबॅक या दोघींच्या मधली आहे, आणि किमतीच्या मानाने तिच्यात मिळणारे दृष्टिक्षेत्र चांगले आहे. टेरा सुमारे ७२५ ग्रॅमची, चौघींत जड. पण ती १.६ मीटरपर्यंत जवळचे दाखवते, एम५ सुमारे अडीच मीटरपर्यंतच. फुलपाखरे आणि चतुर यांचीही आवड असलेल्या वाचकाला मी टेरा सुचवली असती. एका नाममुद्रेच्या सर्वोच्च दुर्बिणींची कीर्ती ऐकून तिची मध्यम श्रेणी घेणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे, की दोन्ही श्रेणींची काच आणि घडण वेगळी असते.

नाव ठरल्यावरही हातात आलेली प्रत तपासून घ्या, कारण मध्यम श्रेणीत एकाच मॉडेलच्या दोन प्रतींत फरक निघू शकतो. आधी डायॉप्टर, म्हणजे दोन डोळ्यांतल्या नंबराचा फरक भरून काढणारी जुळवणी, लावा: उजवी नळी झाकून डाव्या डोळ्याने दूरच्या वस्तूवर मधल्या चाकाने फोकस करा, मग डावी झाकून चाकाला हात न लावता उजव्या नळीच्या कड्याने फोकस करा. हे न करताच ‘चित्र स्पष्ट नाही’ म्हणून चांगल्या दुर्बिणी परत केल्या जातात. त्यानंतर दुर्बीण हातभर दूर धरून उजळ भिंतीसमोर नेत्रभिंगात दिसणारे प्रकाशाचे ठिपके पाहा. ते पूर्ण गोल हवेत, कडा कापलेल्या नकोत. दूरची एखादी आडवी रेषा, छपराची कड किंवा तार, नजरेत धरून दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून वितभर मागे न्या. दोन वर्तुळांतली रेषा एकाच पातळीत राहायला हवी. एक वर, एक खाली दिसली तर नळ्यांची जुळणी चुकलेली आहे, आणि अशा दुर्बिणीने पाच मिनिटांत कपाळ दुखू लागते. ती बदलून घ्या. दुकानातल्या दिव्याखाली सगळ्याच छान दिसतात, म्हणून दाराबाहेर सावलीत, गर्द झाडाच्या आत पाहा. सूर्य कोणत्याही परिस्थितीत दुर्बिणीच्या नजरेत येऊ देऊ नका, त्याने डोळ्याला कायमची इजा होते. परत करण्याची मुदत आणि जुळणीच्या दुरुस्तीची हमी लेखी घ्या. दोन मॉडेलमध्ये मन अडकले असेल तर जिची हमी चांगली ती घ्यावी.

राहिले तुमचे तिसरे गृहीतक, की दोघांत एक पुरेल. चपलेसारखीच दुर्बीणही ज्याची त्याला बसावी लागते. तुमच्यानंतर तुमच्या पत्नी ती डोळ्याला लावतील तेव्हा नळ्यांमधले अंतर, वाट्या, डायॉप्टर, सगळे बदलावे लागेल, आणि तेवढ्यात खंड्या काठीवरून उडालेला असेल. मग ज्याने आधी पाहिला त्यानेच पाहिला असे रोज होईल, आणि एकाची आवड मागे पडेल. तुम्ही दोघे सोबत निघता हे तुमच्या पत्रात इतक्या आपुलकीने आले आहे, की एका एम७ साठी काढलेल्या रकमेत एक पायरी खालच्या दोन दुर्बिणी बसतात का, हे तुम्ही गंभीरपणे पाहावे असे मला वाटते. दुसरी ८ × ३२ ची असली तरी चालेल. तिचा झोत ४ मिलिमीटरचा, म्हणजे संधिप्रकाशात ती थोडी मागे पडेल, पण बहुधा ती हलकी असते आणि लहान हातांत चांगली बसते.

एक दुर्बीण असो वा दोन, मागणी नोंदवण्याआधी पत्नींच्या चष्म्याची चिठ्ठी असेल तर तिच्यावरचा ‘पीडी’ हा आकडा पाहा, नसेल तर चष्म्याच्या दुकानात तो मोजून घ्या. दोन बाहुल्यांमधले ते अंतर असते, प्रौढांत सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास. ४२ मिलिमीटरच्या बऱ्याच दुर्बिणींच्या नळ्या ५५ ते ५८ मिलिमीटरपेक्षा जवळ येत नाहीत. त्यांचा आकडा त्याहून कमी निघाला, तर त्यांना कोणत्याही किमतीच्या त्या दुर्बिणीत दोन वर्तुळांचे एक वर्तुळ होणार नाही; त्यांच्यासाठी मग ८ × ३२ च पाहावी, आणि तिच्या माहितीपत्रकात हे किमान अंतर किती दिले आहे ते दुकानदाराला आधी विचारावे.